वडिलांच्या मागे राहिलेला कुत्रा, दोन बकऱ्या आणि आई: काय ठेवावं, काय काढावं?

अनेरकाठ:
वडील जाऊन चाळीस दिवस झाले. चोपडा तालुक्यातलं गाव, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, मागे खळं. आई सदुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात. वर्षश्राद्धापर्यंत घर सोडणार नाही म्हणते. बैलजोडी काकांकडे दिली. आता घरी दोन बकऱ्या (एक गाभण, वैशाखाच्या शेवटी विणार) आणि वडिलांचा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा, वजन अंदाजे सोळा किलो. कुत्रा दिवसभर फाटकाशी पडून असतो. मोटरसायकलचा आवाज आला की उठतो, पुन्हा बसतो. खाणं निम्म्यावर आलंय. वडील जेवून उठताना ताटातला शेवटचा तुकडा त्याला टाकायचे. आई संध्याकाळची चूलच पेटवत नाही, चहावर भागवते.
नातेवाईक म्हणतात, सगळं विकून तिला पुण्याला ने. मला वाटतं जनावरांमुळेच ती सकाळी उठते. पण तिला झेपेल असं कसं करायचं? आणि कुत्र्याचं काय?

गोठ्यातला भाऊ:
विकायची घाई नको. पण आधी कुत्रा, कारण ‘मालकाच्या दुःखाने खात नाही’ असं म्हणत म्हणत गोचीडताप अंगावर निघतो. चैत्र-वैशाखात गोचीड मातीच्या भिंतींच्या फटींत बसलेले असतात, धाब्याच्या घरात तर हमखास.

ओठ वर करून हिरड्या बघा. बोटाने दाबून सोडा, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट किंवा पिवळट असतील, लघवी चहासारखी होत असेल, नाकातून रक्त येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप हात लावून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून शेपटीखाली धरा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०३च्या वर गेला तर ताप. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधा. घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, आणि शेतातलं कीटकनाशक अंगाला चोळायचा गावठी उद्योगही नको. दोन्हींनी कुत्रं दगावतं.

हे सगळं नीट असेल आणि तो पाणी पीत असेल, तर निम्मं खाणं काही आठवडे चालतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर मात्र दाखवा. पशुसंवर्धनच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ लावा, टोल फ्री आहे.

खायला घालणारं माणूस एकच ठेवा, आणि ती आईच असू द्या. रोज तीच वेळ, तीच थाळी, तीच जागा. दोन वेळा मिळून दोन-तीन ज्वारीच्या भाकरी, ताकात किंवा बिनमिठाच्या वरणात कुस्करून, वर एक उकडलेलं अंडं. कांदा-लसणाची भाजी नको. थाळी वीस मिनिटांनी उचला. दिवसभर समोर ठेवली तर माशा बसतात, आंबते, आणि न खाण्याची सवय लागते. खात नाही म्हणून रोज मटणाचे तुकडे घातले तर चार दिवसांत तो भाकरीला तोंड लावणार नाही.

वडिलांचा एक न धुतलेला टॉवेल किंवा घोंगडीचा तुकडा तो जिथे पडतो तिथे टाका. व्हिडिओतून त्यांचा आवाज ऐकवू नका, शोधत सैरभैर होतो. फाटकापासून ओढून बांधूही नका. तिथेच सावलीचं बघा आणि पाण्याचं भांडं ठेवा. रेबीजची लस कधी दिली होती ते मात्र आजच तपासा, दरवर्षी लागते.

डांगर-सांजोरी:
वर लिहिलंय ते बरोबर, पण खरी किल्ली तुमच्याच प्रश्नात आहे: शेवटचा तुकडा. आईला ‘जेव’ म्हणून ती जेवणार नाही. ‘त्याला तुकडा कोण टाकणार?’ म्हणा. संध्याकाळी साडेसातला दोन्ही थाळ्या एकदमच भरायच्या, तिची आणि त्याची. तिची साधी असू दे, अर्धी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, तेल आणि ठेचा. तुकडा फक्त कोरड्या भाकरीचा, नखाएवढा. त्याचं पोट थाळीतून भरतं, तो तुकडा नुसती खूण आहे.

अशा घरात पाच ते सात ही वेळ सगळ्यात जड जाते, शेतातून माणूस परत यायची वेळ ती. एखादं अंग हलवायचं काम मुद्दाम तिथे लावा. बकऱ्यांचं पाणी, धार, कडू निंबाचा पाला. शेजारणीला सकाळची कामं वाटून द्या, संध्याकाळची आईकडेच ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. मदत म्हणून सगळंच काढून घेतात आणि तिला भिंतीकडे बघत बसवतात.

गोठ्यातला भाऊ:
आता बकऱ्या. दोन्ही ठेवा. एकटी बकरी ओरडून ओरडून चारा टाकते.

गाभण काळ सरासरी १५० दिवस. शेवटच्या महिन्यात पोटात जागा कमी होते म्हणून खुराक थोडा थोडा वाढवत न्या, २०० ग्रॅमवरून ४०० पर्यंत, तोही दोन वेळांत वाटून. मका किंवा ज्वारीचा भरडा निम्मा, बाकी सरकीची ढेप आणि तूरचुनी. वर दहा ग्रॅम क्षारमिश्रण. तुरीचं कुटार आणि हिरवा पाला पोटभर. ऊन चव्वेचाळीसला टेकलं की एका बकरीला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी लागतं, तेही माठातलं गार, टाकीतलं तापलेलं नाही. दूध देत असेल तर विण्याच्या दोन महिने आधीच आटवायला हवी होती. अजून धार काढत असाल तर आजपासून बंद करत आणा.

विताना कळा सुरू होऊन जोर देत एक तास गेला आणि पिल्लू पुढे सरकलं नाही, तर हात घालू नका, डॉक्टर बोलवा. पिल्लू झालं की नाकातोंडावरचा चिकटा पुसा, नाळ दोन इंच ठेवून कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. तासाच्या आत चीक (पहिलं दूध) पोटात गेला पाहिजे. जार (वार) पडायला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, ओढायचा नाही. ओढल्याने रक्तस्राव होतो, तुटून आत राहतो.

पुढचं नीट वाचा, कारण पुढे आखाजी (अक्षय तृतीया) आहे. गेलेल्यांच्या नावाने घागर भरायच्या त्या दिवशी पाहुणे येणार, पुरणपोळी आणि भात उरणार, आणि ‘वाया कशाला’ म्हणून कुणीतरी ते बकऱ्यांपुढे ओतणार. तेराव्याच्या, श्राद्धाच्या दिवसानंतर बकऱ्या मरतात त्या बहुतेक अशाच. शिजलेलं धान्य आणि गोड एकदम पोटात गेलं की पोटात आम्ल वाढतं. बकरी रवंथ सोडते, दात खाते, आंबूस पातळ हगते, मग आडवी पडते. अर्धी पोळी चालेल, घमेलंभर नाही. खाल्लंच तर सगळं खाद्य बंद, आणि लगेच डॉक्टर. डोकं वर उचलून बाटलीने तेल-बिल ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

दोघी चरायला जात असतील तर उन्हाळ्यात पाण्यावाचून खुंटलेल्या ज्वारीच्या फुटव्यापासून दूर. विषारी असते, अर्ध्या तासात खेळ संपतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) झाली नसेल तर तीही विचारून घ्या.

अनेरकाठ:
हिरड्या गुलाबी आहेत, ताप १०१.८. कानात सहा गोचीड निघाले, उद्या दवाखान्यात नेतो. धार आजपासून एकाच वेळेला. पण आईचे गुडघे? ती वाकून शेण-लेंड्या भरते. आणि मागच्या आठवड्यात दाव्यात पाय अडकून पडता पडता वाचली.

निंबाखाली:
दावं हाच खरा धोका आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सगळं थांबतं. लांब दावी काढून टाका. खळ्याच्या एका कोपऱ्यात आठ बाय दहा फुटांचा वाडा करा, चार फूट उंच जाळी, बांबूचे खांब. आत बकऱ्या मोकळ्या. फाटक बाहेर उघडणारं, कडी कमरेच्या उंचीवर. गव्हाण बाहेरून भरता येईल अशी जाळीला लावा, म्हणजे रोज आत जायलाच नको. गव्हाणीचा तळ जमिनीपासून सव्वा ते दीड फूट. बकरी मान घालून खाते, चारा तुडवत नाही, आणि आईला वाकावं लागत नाही.

धारेसाठी दीड फूट उंच ओटा, चार फूट लांब, दोन फूट रुंद, चढायला उतार. समोर खुराकाचं टोपलं टांगलं की दोन-तीन दिवसांत बकरी आपणहून चढते. आईने स्टुलावर बसायचं. लेंड्यांना लांब दांड्याचा खराटा आणि लांब दांड्याचं सुपडं. बादली अर्धीच भरायची, पाच लिटरच्या वर नाही. रात्री वाड्यापर्यंत एक दिवा हवा, अंधारात कुत्रा पायात येतो.

आता दुसरं. ज्या दिवशी गुडघ्यांमुळे खाली उतरवत नाही, त्या दिवसासाठी ओसरीवरूनच दिसेल असं काहीतरी पाहिजे. पाखरांचं परळ ठेवा. मातीचं, फूटभर रुंद, दोन इंच खोल, आतून खडबडीत. झिलईचं घसरतं. मध्ये एक चपटा दगड, पाण्याच्या वर डोकं काढेल असा, नाहीतर मधमाश्या बुडून मरतात. पाणी दीड इंच. निंबाच्या सावलीत, पण झुडपापासून पाच-सहा फूट लांब, कारण मांजर तिथेच दबा धरतं. जमिनीवर ठेवू नका. शिलाई मशीनचा जुना लोखंडी सांगाडा पडला असेल तर त्यावर ठेवा, आईच्या हाताशी येतं.

सकाळी सातला आणि दुपारी चारला पाणी बदलायचं. परळ राखेने आणि काथ्याने घासायचं, साबण नको. रोज ओतून टाकलं तर डासांची अळी धरत नाही, आठवडाभर तसंच राहिलं तर हमखास. दाणे मूठभरच, ज्वारी-बाजरीची कणी. शिजलेला भात उन्हात दुपारपर्यंत आंबतो. पहिले आठ-दहा दिवस कुणी फिरकत नाही. लोक तिथेच कंटाळतात आणि परळ उचलतात. मग आधी चिमण्या येतात, मागून साळुंक्या, आणि एकदा साळुंकी आली की भांडणं सुरू. परळं दोन ठेवा, दहा फुटांवर.

डांगर-सांजोरी:
एक राहिलं. आखाजीची घागर आईलाच भरू द्या, सुनांनी हातातून घेऊ नये. नवी घागर आदल्या दिवशी पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पूजेच्या वेळी पाझरून चौरंग ओला होतो. वर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबा, जो तुमच्या घरचा रिवाज असेल तो. आगारी (अग्नीत द्यायचा घास) टाकून झाली की त्यांच्या नावाचा घास कावळ्याला जाईल, पण कुत्र्याची थाळी त्या दिवशीही साडेसातलाच. पाहुण्यांच्या गडबडीत नेमकी तीच चुकते.

आणि आईवर लक्ष ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रात्रभर जागी, अंगावरचे कपडे सैल होत चाललेले, जनावरांकडेही बघेनाशी झाली, किंवा ‘मला पण ने’ असं वारंवार बोलू लागली, तर ते परळाने आणि बकरीने भागणारं नाही. १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू. तुम्ही तिच्या वतीने फोन केलात तरी चालतो.

अनेरकाठ:
मशीनचा सांगाडा माळ्यावर सापडला. जाळी उद्या चोपड्याहून आणतो. आत्ता साडेसातला आईने अर्धी भाकर घेतली. तुकडा टाकला, पण कुत्रा फाटकावरून उठला नाही. तिने तो उचलून थाळीत ठेवला आणि थाळी तिकडे नेली. जागा ओसरीवरचीच ठेवायची की फाटकाशी?

गोठ्यातला भाऊ:
सध्या फाटकाशी. दर तीन-चार दिवसांनी थाळी हातभर घराकडे सरकवा, एकदम नाही.