संत्र्याच्या झाडासाठी कोण कामाचं: गांधीलमाशी की भेक?

अंगणवाली, धरमपेठ
कूलरमागच्या छज्जाखाली गांधीलमाशांचं तळहाताएवढं पोळं आहे. घरचे म्हणतात, काढून टाका. कूलरखालच्या ओलीत बसणारा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, मात्र सगळ्यांना चालतो. मला हा न्याय मान्य नाही. संत्र्याच्या कोवळ्या पालवीवर लिंबू फुलपाखराची अळी येते. लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, आपल्या नजरेतून सुटते. गांधील ती बरोबर शोधते. काल माझ्यासमोर एकीनं अळी धरली, जबड्यानं चावून हिरवा गोळा केला आणि पोळ्यातल्या पिल्लांसाठी नेला. भेक झाडावर चढणार आहे का?

काटोलचा बागायतदार
ताई, नुसती पालवी पाहू नका, मूळही पाहा. पहिला पाऊस झाला की मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे रात्री जमिनीतून निघतात, वाळवी पंख फुटून उडते. तेव्हा तुमच्या गांधीलमाशा पोळ्यावर गप्प असतात. भेक जागा असतो. एकेक गिळतो, डोळे आत ओढून घास खाली ढकलतो. शिवाय तो डसत नाही. माझ्या बागेत तोडणीच्या बायांना गांधीलमाशा डसल्या आहेत. मधमाशीचा काटा तुटून राहतो, हिचा नाही; ही पुन्हा पुन्हा डसते. ॲलर्जी असेल तर जिवावर बेततं.

अंगणवाली, धरमपेठ
दादा, डसण्याचं मान्य. पण भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतही विष असतं, कुत्र्यानं तोंडात धरला तर फेस येतो. मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ हाच आपला भेक शिरल्याचं २०१४ मध्ये उघड झालं, आणि तिथल्या प्राण्यांना त्याचं विष झेपत नाही.

काटोलचा बागायतदार
मादागास्करचं दुखणं नागपुरात काहून आणता? तिथं तो उपरा आहे. इथं धामण त्याला खाऊन पचवते.

रात्रपाळी, मानेवाडा
भाऊ, ताई, दोघंही पाण्यासाठीच कूलरपाशी येतात. गांधील पाणी नेऊन पोळं थंड ठेवते, भेक पोटाच्या कातडीतून पाणी शोषतो. म्हणून पोळ्यावर औषध मारू नका, ते खाली ठिबकून त्याच्याच अंगात जाईल. पोळं जाण्यायेण्याच्या वाटेवर असेल तर मात्र काढावंच लागेल.

अंगणवाली, धरमपेठ
वाटेवर नाही, मागच्या भिंतीला आहे. कूलर भरायला तेवढं तिथं जावं लागतं. ते काम मी घेते. पोळं राहील.

काटोलचा बागायतदार
राहू द्या. पण भरायला जाल तेव्हा पहाटे जा, उन्हं तापायच्या आत. माझं मत अजूनही भेकालाच.