मदत हवी आहे: सरोगसी, २०२१ मध्ये गोठवलेले भ्रूण आणि वयाची अट

सायली_नवी:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. पण सध्या जिथे जावं तिथे वेगळंच उत्तर मिळतंय, म्हणून धागा काढतेय. आयडी मुद्दाम नवा घेतलाय, समजून घ्या.

२०१९ मध्ये माझं गर्भाशय काढावं लागलं. अंडाशयं शाबूत आहेत. सरोगसीशिवाय, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने आमचं बाळ पोटात वाढवून दिल्याशिवाय, मार्ग नाही हे कळल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये आम्हा दोघांचंच बीज वापरून भ्रूण तयार करून गोठवले. ज्या बाईंशी बोलणं झालं होतं त्या मागे हटल्या, घरात आजारपण निघालं, आणि तेवढ्यात नवा कायदा लागू झाला. आता मी ४७ ची, नवरा ५७ चा. कायद्यात पुरुषाला ५५ ची मर्यादा, त्यामुळे विषय संपला असंच धरून चाललो होतो.

अशात माझी मावसबहीण आपणहून म्हणाली, "ताई, मी करते." ती ३४ ची, घटस्फोटित, पदरी सात वर्षांची मुलगी. मला आधी रडूच आलं, मग लगेच शंका सुरू झाल्या.

गोठवलेल्या भ्रूणांबाबत सुप्रीम कोर्टाचा काही निकाल आलाय म्हणतात, तो आम्हाला लागू होईल का? नवरा नसलेली बाई सरोगेट होऊ शकते का? आणि तिला काही महिने बिनपगारी रजा घ्यावी लागेल, ते नुकसान आम्ही भरून दिलं तर चालतं का? एका क्लिनिकमध्ये सांगितलं, "कागदावर दाखवू नका, बाहेरून बघून घ्या." मला हे पटलं नाही, पण कोणाला विचारायचं तेही कळेना. जाणकारांनी कृपया सांगावं. 'दत्तक का घेत नाही' हा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारलाय, तो इथे नको.

मारवा:
वाचतेय. बहिणीला सलाम. माझ्या माहितीप्रमाणे सरोगेट जवळची नातेवाईकच लागते, मावसबहीण चालेल का?

तारीख_पे_तारीख:
मारवा, ती अट आधीच्या विधेयकात होती. अंतिम कायद्यात 'इच्छुक स्त्री' एवढंच आहे.

सायलीताई, वकील आहे, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत हे ध्यानात ठेवून वाचा.

वयाचं आधी. सरोगसी कायदा २५ जानेवारी २०२२ ला लागू झाला. जोडप्यासाठी अट स्त्री २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्या. नागरत्ना आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने विजया कुमारी प्रकरणात निकाल दिला की, ज्यांनी कायद्याआधी सरोगसीची प्रक्रिया सुरू करून भ्रूण गोठवले होते त्यांना ही वयोमर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही. यात 'सरोगसीची प्रक्रिया' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं आयव्हीएफसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण बनवून स्वतःच्याच गर्भाशयात सोडण्यासाठी, गोठवले होते असं कोणी म्हटलं तर वाद होऊ शकतो. तुमच्याकडे त्याला चोख उत्तर आहे: गर्भाशय २०१९ लाच काढलेलं, म्हणजे २०२१ चे भ्रूण सरोगसीशिवाय दुसऱ्या कशासाठी असणार? शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजी रिपोर्ट, भ्रूण गोठवतानाचं संमतीपत्र आणि साठवणुकीच्या पावत्या एकत्र ठेवा. संमतीपत्रावरची तारीख नीट वाचता येते ना ते बघा. तरी सरोगसीची परवानगी देणाऱ्या प्राधिकाऱ्याने वयावरून अडवलंच, तर उच्च न्यायालयाचा दरवाजा आहे.

पण हा निकाल जोडप्याच्या वयाबद्दल आहे, सरोगेटच्या नाही. तिची अट २५ ते ३५, आणि तीही भ्रूण सोडण्याच्या दिवशी. अर्जाच्या दिवशी नव्हे. तुमची खरी घाई इथे आहे, सगळे नवऱ्याच्या वयाकडेच बघत बसलेत.

घटस्फोटाची अडचण नाही. कायद्यात 'कधीतरी विवाह झालेली' आणि स्वतःचं मूल असलेली एवढंच आहे.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. वैद्यकीय खर्च, नियमांत बसणारा इतर खर्च आणि विमा, याच्या बाहेर काही नाही. बुडालेला पगार देणं हा माणुसकीचा विचार असला तरी कायदा तसं बघत नाही. पैसे देऊन सरोगसी करवणाऱ्या जोडप्याला पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. 'बाहेरून बघा' म्हणणाऱ्यांकडे पुन्हा फिरकू नका.

तिरफळ:
डॉक्टरला फी, वकिलाला फी, विमा कंपनीला हप्ता, आणि नऊ महिने जी वागवणार तिने फक्त पुण्य कमवायचं! धन्य आहे.

तारीख_पे_तारीख:
तिरफळ, मुद्दा रास्त आहे. पण कायद्याआधी गरीब बायकांचं जे काय चालायचं तेही पाहिलंय. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

अबोली७:
आम्ही यातून गेलोय, म्हणून व्यवहाराचं तेवढं लिहिते. पहिलं दार जिल्हा वैद्यकीय मंडळाचं. सिव्हिल सर्जन किंवा त्या दर्जाचे अधिकारी, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. गर्भाशयच नसेल तर वैद्यकीय कारणावर चर्चा फार होत नाही. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश. तो अर्ज तुम्ही आणि बहीण मिळून करायचा. पुढे बाळाच्या जन्मनोंदीला हाच आदेश चालतो, आईच्या जागी तुमचं नाव लागतं. बहिणीच्या नावाने ३६ महिन्यांचा विमा लागतो. आमचं गाडं इथेच अडलं होतं, तेव्हा चौकशी आजच सुरू करा. हे सगळं झाल्यावर आवश्यकता आणि पात्रता प्रमाणपत्रं. बहिणीची वैद्यकीय आणि मानसिक तपासणी वेगळी.

क्लिनिकची सरोगसीसाठी वेगळी नोंदणी आहे का तेही विचारा. आयव्हीएफची नोंदणी म्हणजे सरोगसीची नव्हे.

सायली_नवी:
किती नीट सांगितलंत! बहिणीचे दोन प्रश्न आहेत. बाळात तिचा अंश असेल का? आणि मध्येच मन बदललं तर? दुसरा तिने हसत हसत विचारला, पण विचारला.

तारीख_पे_तारीख:
अंश नाही. सरोगेटचं स्वतःचं बीज वापरायलाच बंदी आहे. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत ती कधीही नाही म्हणू शकते, कारण सांगायची गरज नाही. हे तुम्ही न सांगता डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सांगावं. तुमच्यासमोर ती 'नाही' म्हणणार नाही. प्रयत्न जास्तीत जास्त तीन, आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, हेही तिला माहीत हवं.

तिला ३५ कधी पूर्ण होतात?

सायली_नवी:
अजून अकरा महिने आहेत.

तारीख_पे_तारीख:
मग वाढदिवसाच्या आत ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) व्हायला हवं असं धरून उलटं वेळापत्रक आखा. '३५ पर्यंत' म्हणजे ३६ पूर्ण होईपर्यंत की कसं, या वादात पडूच नका. मंडळाचा अर्ज या आठवड्यात. कागदांची यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो.