चष्मा लावून तासन्‌तास घालता येईल असा गेमिंग हेडफोन: ओपन बॅक घ्यावा का?

मदत हवी आहे. पीसीवर मुख्यतः शूटर गेम खेळतो, त्यामुळे पावलांचा आवाज डावीकडून येतोय की मागून, हे नेमकं कळणं सगळ्यात महत्त्वाचं. सध्याचा क्लोज्ड बॅक (कानावरचे कप बाहेरून बंद; ओपन बॅकमध्ये ते जाळीदार असतात आणि आवाज आत-बाहेर जातो) हेडसेट आवाजाला ठीक आहे, पण चष्म्याची काडी कानाच्या वर इतकी दाबली जाते की तासाभरात कानशील ठणकायला लागतं. रेक्झिनच्या गाद्यांमुळे कान घामेजतात ते वेगळंच.

हेडबँड रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला, पकड थोडीच सैल झाली. मखमली गाद्या लावल्या. घाम थांबला, पण बास पातळ झाला आणि इक्वलायझरने (आवाजातला बास-ट्रेबल कमीजास्त करायचं सेटिंग) तो पूर्ण भरून येत नाही. ब्लूटूथ नको, आवाज मागे पडतो आणि त्याचा माइक सुरू केला की दर्जा घसरतो. वायर चालेल. माइक टेबलावर वेगळा आहे, हेडफोनला नसला तरी हरकत नाही.

वेगळा अँप (हेडफोनला जास्त ताकद देणारं उपकरण) नाही, मदरबोर्डच्या 3.5 मिमी जॅकलाच जोडणार. म्हणून 250 ओहमची मॉडेल (ओहम जास्त, तशी साधारणपणे अँपची गरज जास्त) बाद धरलीत, 32 ते 80 ओहममध्ये बघतोय. ओपन बॅककडे मन ओढतंय, पण खोलीत पंखा सतत चालू असतो.

चष्मा लावणाऱ्यांनी खास सांगा: कोणत्या मॉडेलची पकड खरोखर हलकी आहे? आणि पंख्याच्या घरघरीत ओपन बॅकवर पावलं नीट ऐकू येतात का, की बाहेर झिरपणारा आवाज उलट माइकमध्ये शिरतो?