आठवीला प्रतिसरकार शिकवताना प्रोजेक्टरचं नेमकं काय करू?

वाळव्याची बाई:
वाळवा तालुक्यात हायस्कूलला इतिहास शिकवते. यंदा शाळेला प्रोजेक्टर मिळाला. आठवीला स्वातंत्र्यलढ्याच्या शेवटच्या भागात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून भूमिगतांनी गावोगावी चालवलेलं आपलं सरकार, आलं तेव्हा मी हौसेनं वीस मिनिटांचा व्हिडिओ लावला. पोरं चिडीचूप. वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, प्रतिसरकार कुठं होतं? "साताऱ्यात." आपण कुठं राहतो? "सांगली जिल्ह्यात." म्हणजे ते आपलं नव्हेच, असं अख्ख्या वर्गानं धरलेलं! प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील, त्यांचं येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यात आहे हो. फार लागलं मनाला. आता प्रोजेक्टर आणि माझा एक मोबाईल एवढंच आहे. पोरांना शाळेत मोबाईल आणायची परवानगी नाही. काय करता येईल?

औंधकर:
बाई, पोराचं उत्तर चुकलेलं नाही, तिथूनच धडा सुरू करा. १९४३ साली सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर साताऱ्यात होते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, त्यालाच पुढं सांगली म्हणू लागले.

आता मजा बघा. प्रतिसरकारचं मोठं केंद्र कुंडल. ते साताऱ्यातही नव्हतं, औंध संस्थानात होतं. आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. गुगलच्या 'माय मॅप्स'मध्ये पडद्यावर पोरांकडूनच गावं टाकून घ्या. इंग्रजी मुलखाला एक रंग, औंधला दुसरा, सांगली संस्थानाला तिसरा. औंधचे तुकडे विखुरलेले दिसतील, एक कुंडल, एक पार आटपाडीकडं. मग विचारा, मागं पोलीस लागलेत, तुम्ही कुठं पळाल? माझ्या वर्गात एका पोरीनं उठून पडद्यावरच्या हद्दीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथनं पलीकडं." भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आसरा का वाटायचा, हे मला सांगावंच लागलं नाही.

शेणोलीही टाका. ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, तिथं पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली. कुंडल ते शेणोली अंतर मोजायला लावा. मृगाच्या तोंडावर, रात्री, आडवाटेनं चालायला किती वेळ लागेल ते पोरं स्वतःच काढतील.

निवृत्त मास्तर, कराड:
नकाशा छानच. पण बाई, मोबाईलचा खरा उपयोग रेकॉर्डिंगला. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या पुढं आहेत. पुढच्या वर्षी करू म्हणू नका.

आम्ही एका विद्यार्थ्याच्या पणजीकडं गेलो होतो. पहिला प्रश्न पोरांनी पाठ केलेला, "स्वातंत्र्यलढ्याविषयी आपले अनुभव सांगा." आजी म्हणाल्या, "मला काय ठावं नाही बाबा." संपलं! मग एका मुलीनं विचारलं, "आज्जे, भाकरी घेऊन कोण जायचं?" "मीच की." भूमिगतांसाठी गवताच्या भाऱ्यात फडकं बांधून न्यायच्या. किती भाकऱ्या? "मोजायच्या न्हाईत, आशी ताकीद हुती." का, तर कुणी दम देऊन विचारलं तरी माणसं किती ते पोरीला सांगता येऊ नये. हे मी तीस वर्षं शिकवूनही मला माहीत नव्हतं.

दोन गोष्टी सांभाळा. पंखा बंद करा आणि मोबाईल स्टीलच्या ताटलीवर नको, घडी घातलेल्या वाकळेवर ठेवा, नाहीतर नुसता खडखडाट येतो. आणि घरच्यांना आधी विचारा. आजींनी "हे नाव घेऊ नका" म्हटलं तर ते नाव काढायचं, रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी.

तारखा मात्र आजींच्या तोंडून धरू नका, पुस्तकाशी ताडून बघायला पोरांनाच लावा. इतिहासकार हेच करतात, हे त्यांना तिथंच कळतं.

वाळव्याची बाई:
मास्तर, वाचून डोळे भरले. आज वर्गात नुसतं विचारलं, घरी नव्वदीचं कोण आहे? चार हात वर आले. त्यातला एक त्याच पोराचा, "साताऱ्यात" म्हणणाऱ्याचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्याच्या घरी जातोय. औंधकर, तोवर नकाशा करून घेते. आटपाडीचा तुकडा कुठपर्यंत होता, जुन्या हद्दी बघायला तुमच्याकडं काही असेल तर इथं टाकाल का?