मदत हवी आहे: तीन टीम, तिघींचा एकेक विजय, कप कोणाचा?

नमस्कार मंडळी, जरा डोकं उठलंय म्हणून लिहितेय, टेनिसचे नियम माहीत असलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

आम्ही बालेवाडीत राहतो. 2025 च्या एप्रिलमध्ये इथे म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टवर बिली जीन किंग कपचा आशिया-ओशनिया ग्रुप वन झाला होता (देशोदेशीच्या बायकांच्या टीमची टेनिस स्पर्धा, जुन्या लोकांचा फेड कप, 2020 ला नाव बदललं). आमच्या सोसायटीतल्या सात-आठ जणी टोप्या घालून रोज जायच्या. पहिल्याच दिवशी आपण भारतवाले न्यूझीलंडकडून हरलो तेव्हा वाटलं झालं, पण नंतर थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई, कोरिया असे चारही सलग मारले आणि दुसरे आलो. भारताच्या श्रीवल्ली भामिडिपाटीने तर पाचही एकेरी जिंकल्या, आणि आपली बार्शीची प्रार्थना ठोंबरे पण टीममध्ये, मग काय, सगळ्यांच्या अंगात आलं. यंदा आम्ही सोसायटीच्या ए, बी, सी अशा तीन विंगच्या बायकांचा विंग कप काढला. सेम फॉरमॅट, एका लढतीत दोन एकेरी एक दुहेरी, फक्त मॅच एकाच सेटची कारण गुडघे आमचे आहेत.

झालं असं की ए ने बी ला 2-1 हरवलं, आम्ही सी वाल्यांनी ए ला 2-1 हरवलं, आणि बी ने आम्हाला दोन्ही एकेरीत धुतलं. तेवढ्यात रात्रीचे नऊ वाजले, कमिटीच्या नियमाने लाइट बंद, दुहेरी राहिली ती राहिली. म्हटलं निकाल तर लागलाय, कशाला खेळायची. आता ए म्हणते कप आमचा, बी म्हणते दुहेरी झाली असती तर आमचा, आणि आम्ही तळाला म्हणून निवाडा माझ्या गळ्यात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस कोणी गुड मॉर्निंग पण टाकलेलं नाही.

वर अजून एक तक्रार, ए ने त्यांची सगळ्यात तगडी मुलगी (कॉलेजकडून खेळलेली आहे) एकेरीत दोन नंबरला (म्हणजे समोरच्या टीमच्या दुसऱ्या खेळाडूपुढे) उतरवली आणि बी च्या बिचाऱ्या दोन नंबरवालीला 6-0 पडला. हे चालतं का?

बेसलाइनकाका: आधी लढती किती जिंकल्या ते बघतात. दोघीच बरोबरीत असत्या तर आपसातला निकाल. तिघी असल्या तर एकूण मॅच किती जिंकल्या, मग सेटची टक्केवारी, मग गेमची. मध्येच दोघी उरल्या की परत आपसातला निकाल. तुमच्या हिशोबाने ए 3, बी 3, तुम्ही 2. तुम्ही बाहेर, ए ने बी ला हरवलंय, म्हणजे कप ए चा. पण दुहेरी सोडायला नको होती हो ताई. नॉकआउटमध्ये सोडतात, शेंझेनला बिली जीन किंग कपच्या 2025 च्या फायनलला इटलीने अमेरिकेवर 2-0 केलं की संपलं. साखळीत एकेका मॅचला भाव असतो.

जुनी_रॅकेट: तगडीला दोन नंबरला लपवणं ही फार जुनी खोड आहे 😄 बिली जीन किंग कपात जमत नाही कारण एकेरीच्या दोघींमध्ये जिचं रँकिंग वरचं ती एक नंबर, कॅप्टनच्या मर्जीवर काही नाही. आधी दोन नंबरच्या खेळतात, मग एक नंबरच्या, शेवटी दुहेरी. सोसायटीत रँकिंग कुठून आणणार, तर स्पर्धेआधीच प्रत्येक विंगकडून क्रम लिहून घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. यंदाचं सोडून द्या, लिहून घेतलं नव्हतं ना, मग ए ची चूक म्हणता येणार नाही.

धागाकर्ती: काका, ए चा कप म्हटलं तर बी वाल्या भिशीला येणार नाहीत. राहिलेली दुहेरी आता खेळवली तर चालेल का?

बेसलाइनकाका: तिन्ही विंगना मान्य असेल तर खेळवाच. बी जिंकली तर त्यांचे 4, कप त्यांचा, वादच नाही. ए तयार होईल का ते बघा, नुकसान त्यांचं आहे.

जुनी_रॅकेट: एक मिनिट. आणि सी जिंकली तर? मग तिघींचे 3-3-3. सेट एकच म्हणजे तेही सारखेच. गेमवर जाणार. ताई, तुमचे गेम किती झालेत?

धागाकर्ती: अगं बाई! हे लक्षातच नव्हतं आलं. वही काढून बसले, ए ला हरवलं त्यात एक मॅच 6-1 होती आमची. पण बी कडून दोन्ही एकेरी 6-4, 6-4 ने हरलोय, म्हणजे फार वाईट नाही. ए तयार झालीय, त्यांना वाटतंय आम्ही बी ला हरवू, आणि बी ला वाटतंय आम्ही काय हरवतोय. रविवारी सकाळी साडेसहा, उन्हाच्या आत. आणि आता स्कोर लिहायला बाहेरचं कोणीतरी शोधतेय, कारण दुहेरीत मीच आहे.