मदत हवी आहे : लग्नाच्या हॉलमधून आणलेले जेवण वाटेत विटते, कोणते भांडे घ्यावे?

सांजवात (मंगळवार, रात्री १०.०५)

नमस्कार. आम्ही मुलुंडमधील आठ-नऊ जण गेल्या गणपतीपासून लग्नाच्या हॉलमध्ये उरलेले जेवण गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवतो. गेल्या शनिवारी तीन मोठे टोप भरून जेवण मिळाले, परंतु पोहोचेपर्यंत त्यांतल्या पुलावाला आंबूस वास येऊ लागला होता आणि तो सगळा टाकून द्यावा लागला. येत्या शनिवारी त्याच हॉलमध्ये ७०० पानांचे लग्न आहे, म्हणजे आमच्या हातात चारच दिवस आहेत. अन्न गरम राहील असे मोठे भांडे नेमके कोणते घ्यावे आणि ते मुंबईत कोठे मिळते, एवढेच कृपया सांगावे. अन्नदान योग्य की अयोग्य या चर्चेसाठी आम्हाला सध्या खरोखरच वेळ नाही.

बल्लव (मंगळवार, रात्री १०.३१)

मी २२ वर्षे डोंबिवलीत केटरिंगचा व्यवसाय करतो. भांड्याचे नाव सांगायला मला अर्धे मिनिट लागेल, पण त्याआधी काही गोष्टी कळल्या पाहिजेत. पुलावात पनीर होते का, तो भट्टीवरून किती वाजता उतरला, तुम्ही तो काउंटरवरच्या भांड्यातून घेतला की मागच्या टोपातून, आणि नेताना झाकण गच्च बसवले होते का? यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही.

ओला_सुका (मंगळवार, रात्री १०.४८)

उरलेल्या अन्नाचा खरा प्रश्न कचऱ्याचा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करणे अपेक्षित आहे. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे, आणि जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर चेंबूर-गोवंडीच्या लोकांनी कसा सोसला हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या हॉलला खतनिर्मितीचे यंत्र बसवायला लावा, मी माहिती पाठवतो.

सांजवात (मंगळवार, रात्री ११.१२)

खताविषयी मी विचारलेले नाही, आणि जे माणसाच्या पोटात जाऊ शकते त्याचे आधीच खत करावे हे मला पटत नाही.

बल्लव, आम्हाला रात्री सव्वाअकराला फोन आला. मटार-पनीर पुलाव, डाळ, बटाट्याची सुकी भाजी आणि थोडा गाजर हलवा होता. आम्ही पाऊण तासात टेम्पो भरला आणि झाकणे दोरीने घट्ट बांधून सगळे परळला नेले. अन्न केव्हा शिजवले हे आम्ही विचारले नाही. मॅनेजर म्हणाले की सगळे एकदम गरम आहे, आणि टोपाला हात लावला तर तो गरमच लागत होता.

सूक्ष्मदर्शी (बुधवार, सकाळी ७.२०)

मी महाविद्यालयात अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हाताला गरम लागणे आणि सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या हाताला ४५ अंशांचे भांडेही चांगले गरम लागते, परंतु साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जीवाणू वाढतात आणि ४५ अंश या पट्ट्याच्या आतच येतात.

भाताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू तांदळाबरोबर शेतातूनच येतात, आणि भात शिजला तरी ते जिवंत राहतात. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांचे काही प्रकार उलट्या करवणारे विष तयार करतात. ते विष भात पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही, आणि त्याला वास नसतो. तुमच्या पुलावाला वास आला म्हणून तो टाकला गेला. तसाच विषारी झालेला, पण वास न येणारा पुलाव तुम्ही वाटला असता.

आता भांड्याविषयी. उष्णता धरून ठेवणारे भांडे अन्नाला गरम करत नाही, ते फक्त त्याला सावकाश निवू देते. ७५ अंशांचे वरण अशा भांड्यात गेले तर फायदाच आहे, पण ४५ अंशांचा पुलाव त्यात गेला तर जीवाणूंना हवी असलेली ऊब अधिक वेळ टिकेल. चुकीच्या वेळी घेतलेले अन्न जितक्या चांगल्या भांड्यात ठेवाल तितका धोका वाढेल. घड्याळ तुमच्या टेम्पोपासून सुरू होत नाही, ते अन्न भट्टीवरून उतरल्यापासून सुरू होते.

गिरणगाव (बुधवार, सकाळी ९.०२)

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) मिळत असे, घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकऱ्या होत, आणि त्या गिळताना घसा सोलून निघे. पण सुकडी आमच्यासाठी म्हणून केलेली असे, दुसऱ्याच्या ताटातून राहिलेली नसे, आणि हा फरक त्या वयातही कळत होता. म्हणून मी सर्वांना एकच सांगतो की लग्नाच्या हॉलकडे जाणेच सोडा. १० किलो तांदूळ आणि ३ किलो मूगडाळ घ्या, कोणाच्या तरी अंगणात चूल मांडा आणि १०० माणसांना ताजी खिचडी द्या. आम्ही लालबागला दर अमावास्येला हेच करतो.

रानजाई (बुधवार, सकाळी ९.४०)

गिरणगावकाका, तुमच्या खिचडीविषयी पूर्ण आदर आहे, पण "ताटातून राहिलेली" हा शब्द येथे लागू होत नाही. उष्टे वेगळे, खरकटे वेगळे, शिळे वेगळे आणि उरलेले वेगळे. ज्या टोपाला वाढपी पोहोचलाच नाही तो टोप उष्टा कसा? आपल्या घरी पाहुणे येऊन गेल्यावर आई शेजारच्या आजींना डबा पाठवते, तेही उरलेलेच असते. तुमची खिचडी महिन्यातून एकदा होते, हॉलमध्ये अन्न दर मुहूर्ताला उरते.

सांजवात, तुम्ही हे काम एकट्याने का ओढता? माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी मुंबईत रोटी बँक सुरू केली आहे, आणि २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिनहूड आर्मीचे स्वयंसेवक येथेही आहेत, जे पैसे घेत नाहीत, फक्त अन्न आणि वेळ घेतात. मोठे लग्न असेल तेव्हा त्यांच्याशी बोला.

गिरणगाव (बुधवार, सकाळी १०.१५)

फरक मलाही समजतो, ताई. माझा प्रश्न एवढाच आहे की घेणाऱ्याला "हे केव्हाचे आहे?" असे विचारण्याची सोय असते का?

परळकर (बुधवार, सकाळी ११.५०)

मी दोन वेळा धागा वाचला, तरी तुम्ही परळला हे अन्न कोणाला देता ते कळले नाही. रुग्णालयांबाहेरच्या फुटपाथवर देत असाल तर कोणत्या आजाराचे लोक आहेत हे सांगितल्याशिवाय कोणीही सल्ला देऊ नये.

सांजवात (बुधवार, रात्री ९.३०)

बहुतेक जण कर्करोगाच्या उपचारासाठी बाहेरगावाहून आलेले असतात. मला वाटले होते की परळ म्हटल्यावर टाटा रुग्णालय आठवेल आणि ते समजेल.

गिरणगावकाकांच्या प्रश्नाने मला दिवसभर चैन पडली नाही. शनिवारी डाळ आणि भाजी ठीक वाटली म्हणून आम्ही ती वाटली. रांगेत एक बाई होती, परभणीकडची असावी. तिने स्टीलचा डबा पुढे केला, मी डाळ ओतली, आणि तिने डबा नाकाशी नेऊन विचारले, "ताई, ही कवा केलेली हाय? माझ्या पोराला द्यायची हाय." मी म्हणाले, "आजचीच आहे." तिने माझ्याकडे पाहिले, झाकण लावले आणि गेली. मला खरोखर माहीत नव्हते. ती आजची होती हे खरे, पण दुपारी चारची की रात्री नऊची, हे मी कोणाला विचारलेच नव्हते.

परळकर (बुधवार, रात्री १०.१०)

वडिलांच्या उपचाराच्या वेळी मी स्वतः सात महिने त्या परिसरात राहिलो आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो. केमोथेरपीनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. निरोगी माणसाला ज्या अन्नाने एक दिवस जुलाब होतील, त्याच अन्नाने अशा रुग्णाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. आम्ही रुग्णांना देत नाही, नातेवाइकांना देतो, असे कोणी म्हणेल, पण फुटपाथवर एकच डबा असतो आणि त्यातला चांगला घास आधी आजारी माणसाच्या तोंडात जातो.

त्यांना मदत जरूर करावी, पण हॉलचे अन्न घेऊन नव्हे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, तेथे जाऊन काय लागते ते विचारा. शिधा, दुधाची पावडर, बंद पाकिटातली बिस्किटे आणि साल काढून खाता येतील अशी केळी कोणत्याही दिवशी उपयोगी पडतात. हॉलचे अन्न मुलुंडच्या जवळच, दहा मिनिटांच्या अंतरावर द्या. भांडुपच्या बाजूला बांधकामांवर मुक्कामाला असलेले मजूर रात्री साडेनऊला जेवायचेच असतात.

बल्लव (गुरुवार, सकाळी ६.४५)

आता सगळे चित्र कळले, तेव्हा धंद्यातले सांगतो. मॅनेजरशी बोलू नका, आचाऱ्याशी बोला. मॅनेजरला हॉल रिकामा करायचा असतो, म्हणून तो शेवटी फोन करतो. आचाऱ्याला मात्र नऊ वाजताच कळते की काय उरणार आहे. ७०० पानांचा पुलाव एका घाण्यात होत नाही. पहिला घाणा पाच-साडेपाचला उतरतो, शेवटचा साडेआठच्या सुमारास. तुम्ही शनिवारी दुपारी जाऊन आचाऱ्याला भेटा आणि सांगा की शेवटच्या घाण्याचा न उघडलेला टोप मंद आचेवर ठेवा, आम्ही साडेनऊला दाराशी उभे राहतो. त्यालाही स्वतःच्या हाताचे टाकून द्यायला आवडत नाही, आमच्यातल्या कोणालाच आवडत नाही.

पनीर, रायता, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, बासुंदी, रसमलाई आणि कापलेली फळे कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. पुऱ्या, जिलेबी, बुंदी बिनधास्त घ्या. सुकी बटाट्याची भाजी ताजी आणि चांगली गरम असेल तरच घ्या. वरण आणि आमटी तुमच्यासमोर खळखळून उकळून घ्या. काउंटरवर ठेवलेले काहीही नको, कारण त्यात १०० जणांनी डाव फिरवलेला असतो.

भांडे साधे, जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे पुरेल. पायधुनीजवळ तांबा काटा या भांड्यांच्या बाजारात हवे ते मिळेल. भरण्यापूर्वी त्यात उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवा आणि ओतून टाका, नाहीतर थंड भांडेच अन्नाची काही ऊब खाते.

रानजाई (गुरुवार, दुपारी १.०५)

एक राहिले. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, हे अन्न वेगळे ठेवावे आणि त्यावर अन्नाचे नाव, ते कोठून आले, शाकाहारी की मांसाहारी आणि कधीपर्यंत वापरावे हे लिहावे, असे त्यात आहे. नोंदणीचा कंटाळा करू नका. चिठ्ठी लावली की गिरणगावकाकांच्या प्रश्नाचे उत्तर डब्यावरच असते, कोणाला विचारावे लागत नाही.

गिरणगाव (गुरुवार, दुपारी २.३०)

चिठ्ठी मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडाने सांगा. मजुरांमध्ये लहान मुले असतील तर तिखट कमी असलेले आधी त्यांना वाढा.

सांजवात (रविवार, दुपारी १२.२०)

काल मी दुपारी तीनला आचाऱ्यांना भेटले. त्यांनी माझे बोलणे ऐकले आणि एवढेच विचारले की गेल्या शनिवारच्या पुलावाचे काय झाले. मी खरे सांगितले. त्यांना वाईट वाटले, आणि तो पुलाव पाच वाजताचा होता हे त्यांनीच सांगितले.

साडेनऊला आम्हाला साध्या जिरा राईसचा एक टोप, वरण, दोन परातीभर पुऱ्या, भाजी आणि जिलेबी मिळाली. सळईचा थर्मामीटर मधोमध खुपसला तेव्हा भात ७१ अंशांवर होता आणि वरण ८० च्या पुढे. पावणेअकराला मॅनेजरनी काउंटरवरचा पनीरचा टोप देऊ केला, तो आम्ही नाकारला. एवढे अन्न सोडून निघताना आमच्यातल्या दोघांचे माझ्याशी भांडण झाले, आणि ते अजून मिटलेले नाही.

पहिला टोप घेऊन गेलेल्या गाडीने दहा वाजून पाच मिनिटांनी भांडुपला वाढायला सुरुवात केली होती. प्रत्येक डब्यावर "जिरा भात, रात्री ८.४० ला शिजला, १२ च्या आत खावा" अशी चिठ्ठी होती. एका मजुराने ती मोठ्याने वाचली आणि शेजारच्याला घड्याळ विचारले.

परळला मी मंगळवारी सकाळी केळी आणि दुधाची पावडर घेऊन जाणार आहे. ती बाई भेटली तर तिच्या मुलाची चौकशी करायची आहे.

चिंचपोकळी (रविवार, सायंकाळी ६.००)

आम्हीही करी रोडला असेच काम करतो आणि आजवर हात लावूनच पाहत होतो. हा सळईचा थर्मामीटर कोठे मिळाला?

सांजवात (रविवार, सायंकाळी ६.१२)

प्रिन्सेस स्ट्रीटवर, प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात. घेण्यापूर्वी दुकानातच उकळत्या पाण्यात बुडवून १०० च्या जवळ जातो का ते पाहा, आमचा पहिला ९१ वरच थांबला होता.