अल्माटी: ऑक्टोबरात दोघांची चार रात्रींची सहल, बेत तपासून द्याल का?

गोधडी
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं कझाकस्तानातल्या अल्माटीला जातोय. मुंबई-दिल्ली-अल्माटी असं विमान आहे, त्यामुळे पहिला दिवस पोहोचण्यात आणि पाचवा परतण्यात जाणार. हातात पूर्ण दिवस तीनच. सहल कंपनीचा बेत असा:
दिवस २: चारिन दरी, कोलसाई आणि कायंडी तलाव, एकाच दिवसात.
दिवस ३: मेदेउ (डोंगरातलं स्केटिंगचं मैदान), शिम्बुलाक (त्याच्या वरचं स्कीइंगचं रिसॉर्ट), संध्याकाळी कोक-तोबे (शहरालगतची टेकडी).
दिवस ४: शहर, खरेदी.
मी शाकाहारी (अंडं चालतं), नवरा सगळं खातो. हे झेपेल का? मला जेवायला काय मिळेल? पैसे कसे न्यायचे? आणि व्हिसा लागत नाही ना?

घाटवाट
भारतीय पासपोर्टवर एका वेळी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही (१८० दिवसांत एकूण ४२). परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवसाचा बेत मात्र बदलाच. चारिन अल्माटीपासून साधारण २०० किमी, कोलसाईजवळचं साती गाव पावणेतीनशेच्या पुढे. सातीहून कायंडीचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि ओढ्यातून जाणारा, तिथे जुन्या रशियन व्हॅनमध्ये बसून जावं लागतं. म्हणजे जाऊन-येऊन ११-१२ तास गाडीत. पहाटे पाचला निघून मध्यरात्री परत, आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम तास-दीड तास.

त्यात अंधाराचा हिशेब कोणी सांगत नाही. १ मार्च २०२४ पासून सगळ्या कझाकस्तानात एकच वेळ आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. अल्माटी देशाच्या पूर्वेला, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य पाचच्या थोडं पुढे मावळतो. तीन ठिकाणांच्या बेतात शेवटचं ठिकाण हमखास उतरत्या उजेडात येतं. कायंडीची तर सगळी शोभा पाण्यातून वर आलेल्या सुरूसारख्या सरळ, वाळक्या खोडांची. ऊन नसेल तर पाणी नुसतं करडं दिसतं.

तलाव हवेतच असतील तर सातीत एक रात्र काढा आणि शहरातला एक दिवस सोडा. नाहीतर फक्त चारिन करा: सकाळी ७ ला निघा, साडेदहापर्यंत पोहोचाल. 'किल्ल्यांची दरी' म्हणतात तो भाग नदीपर्यंत सुमारे २ किमी उतरत जातो, जायला पाऊण तास आणि चढून यायला तासभर धरा. खाली वारा अडतो आणि ऊन लागतं, वर आलं की वारा झोंबतो. म्हणून एक जाड कपडा न घेता दोन पातळ थर घ्या. दोघांत मिळून ३ लिटर पाणी न्या.

निशिगंध
घाटवाट यांच्याशी सहमत. चार रात्रींत फक्त चारिन ठेवा.

तिसऱ्या दिवसाबद्दल: मेदेउ १६९१ मीटरवर, शिम्बुलाक २२६० वर आणि तिथून पुढे आणखी दोन टप्प्यांनी तालगार खिंड साधारण ३२०० वर. थेट वर गेलात तर तासाभरात दीड किलोमीटर उंची चढता. डोकं जड होणं, जिन्यावर धाप लागणं तिथे साहजिक आहे. शिम्बुलाकला पाऊण तास थांबा, चहा घ्या, मग वर जा. वर अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त रेंगाळू नका.

शिम्बुलाकला नेणारा गोंडोला (तारेवरचा पाळणा) मेदेउहूनच सुटतो. मेदेउला जायला दोस्तिक रस्त्यावर हॉटेल कझाकस्तानजवळून १२ नंबरची बस आहे. सकाळी लवकर निघा: दुपारनंतर डोंगरावर ढग चढतात, आणि वारा वाढला की वरचे टप्पे आधी बंद होतात. हंगाम बदलताना दुरुस्तीसाठीही काही दिवस पाळणे थांबवतात, तेव्हा तारखा नक्की करण्याआधी रिसॉर्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बंद असलाच तर मेदेउच्या वरच्या धरणाच्या ८४२ पायऱ्या चढा. हे धरण दरडींच्या चिखलापासून शहर वाचवायला बांधलेलं आहे, आणि का बांधलं ते वरून दरी पाहिली की लगेच कळतं.

कोक-तोबे त्याच दिवशी कोंबू नका. तिथे दिव्यांचं शहर पाहायचं असतं, म्हणून चौथ्या दिवशी साडेचारला पाळण्याने वर जा. मावळतीला डोंगर तांबूस होतात, अर्ध्या तासात खाली दिवे लागतात.

चकलीभाजणी
जेवणाचं सांगते. 'शाकाहारी' हा शब्द तिथे पुरत नाही. मांस नको म्हणायला रशियनमध्ये 'बेझ म्यासा' म्हणा, पण रस्सा मांसाचाच असू शकतो आणि भोपळ्याच्या मान्तीत (मोठे मोदकासारखे वाफवलेले) मेंढीच्या शेपटाची चरबी घालतात. म्हणून 'बेझ कुर्द्युका' (ती चरबी नको) हेही सांगा. लगमनमधल्या (रश्शातल्या लांब नूडल्स) भाज्या वेगळ्या परतून मिळाल्या तरी मूळ रस्सा सोडून द्या.

निवांत खाता येईल असं: तंदुरातली गोल रोटी, बाउरसाक (तळलेले फुगीर गोळे), टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, आणि कोरियन सॅलडं. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेतल्या कोरियन लोकांना मध्य आशियात हलवलं, त्यांच्या हातची ही चव. हरित बाजारात त्यांचे लांबच लांब गाळे आहेत: लसूण-धणे-व्हिनेगरमधलं किसलेलं गाजर, वांगं, टोफू. विक्रेती बोटभर चव देते, तेव्हाच मासळी आहे का विचारून घ्या. २०० ग्रॅम गाजर आणि एक गरम रोटी म्हणजे एका माणसाचं दुपारचं जेवण झालं.

बाजार सोमवारी बंद असतो, चौथा दिवस सोमवार येत नाही ना ते बघा. ऑक्टोबरात अपोर्ट सफरचंदं येतात, लाल आणि ओंजळीत न मावणारी. तिथेच खा. कुर्त म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. आधी एक घेऊन बघा, मग पाव किलो.

यजमानांना काझी आवडेल, पण तो घोड्याच्या मांसाचा सॉसेज आहे हे आधी सांगा.

गोधडी
खूप आभार. फक्त चारिन ठरलं. पैसे आणि टॅक्सीचं कोणी सांगाल का? आणि राहायचं कुठे?

पाचबोटी
कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि शहरातल्या पाट्या लावलेल्या विनिमय केंद्रांत तेंगे (तिथलं चलन) घ्या. रुपयाला भाव नीट मिळत नाही. जोडीला फॉरेक्स कार्ड ठेवा. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, पण बाजारात सगळे 'कास्पी?' विचारतात. ते त्यांचं स्थानिक क्यूआर आहे, आपल्यासारख्या पाहुण्यांना सहसा वापरता येत नाही. म्हणून सुट्ट्या नोटा हव्यातच.

यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप भारतातूनच उतरवून घ्या आणि ओटीपी इथेच टाका, तिथे सिम बदललं की तो येत नाही. भारतीय कार्ड ॲपमध्ये अनेकदा अडतं, तेव्हा पैसे देण्याचा पर्याय रोख ठेवा. विमानतळाच्या दारात बोलावणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे जाऊ नका.

राहायला दोस्तिक आणि अबाय रस्त्यांच्या आसपास. मेदेउची बस आणि कोक-तोबेचा पाळणा चालत गाठता येतात, पानफिलोव बागेतलं लाकडी चर्चही फार दूर नाही. १९०४ ते १९०७ मध्ये बांधलेलं हे चर्च १९११ च्या भूकंपात तगलं. कायंडी तलाव त्याच भूकंपाच्या दरडीने झाला, तेव्हा तलाव चुकला तरी निदान हे बघाच.

दिशा सोपी आहे: डोंगर दक्षिणेला, शहर तिकडे चढत जातं. लोक पत्ता 'वर' आणि 'खाली' असाच सांगतात. फक्त टॅक्सीतून उतरताना पायाखाली बघा. फुटपाथ आणि रस्त्याच्या मध्ये 'अरिक' नावाचे पाण्याचे पाट आहेत, ठिकठिकाणी उघडे, आणि गळून पडलेल्या पानांनी ऑक्टोबरात झाकलेले.